आउटलायर काढून टाकण्याआधी

सिनॉप्सिस लिहिताना एथिक्स कमिटीचा फॉर्म आपण सगळ्यात शेवटी भरतो. सीनियरकडून जुना फॉर्म मागायचा, नाव आणि विषय बदलायचा, आणि ‘सहभागी व्यक्तीची माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल’ हे वाक्य आहे तसं राहू द्यायचं. मीही हेच केलं होतं. त्या वाक्याने माझी बरीच झोप घालवली, म्हणून आज हा विषय.

माझी एम.एस्सी. आहारशास्त्रातली. पीएच.डी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या पोषणावर चालू आहे. सांगायला सोपं वाटतं, वजन-उंची तर घ्यायची. पण हातपाय आखडलेले असले की माणूस सरळ उभा राहू शकत नाही. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजून त्यावरून उंचीचा अंदाज काढावा लागतो. वजनासाठी आधी मावशी त्या व्यक्तीला उचलून काट्यावर उभ्या राहतात, मग एकट्या उभ्या राहतात, आणि आपण वजाबाकी करतो. यात चुकायला भरपूर जागा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एका निवासी केंद्रात मी दर दोन महिन्यांनी जात होते. माझ्या शीटमध्ये क्रमांक १४ ची एक बाई होती. बोलता येत नव्हतं, पण मी आले की मान वळवून हसायची. तिची तीन भेटींमधली वजनं अशी: ३१.२, २९.६, २७.१ किलो.

मी तो चौकोन पिवळा केला आणि शेजारी लिहिलं, ‘आउटलायर? काटा तपासणे.’ खोटं कशाला सांगू, पहिला विचार डेटाचाच आला. हा एक आकडा बाजूला ठेवला तर माझा आलेख छान दिसत होता. नंतर रात्री जेवताना डोक्यात प्रकाश पडला. काटा बिघडलेला असता तर सगळ्यांचंच वजन हललं असतं. बाकीच्यांचं जवळपास जागच्या जागी होतं. चार महिन्यांत तेरा टक्के घट. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन नकळत घटलं तर ती गंभीर कुपोषणाची खूण, हे मी परीक्षेच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते.

दुसऱ्या दिवशी परत गेले आणि दुपारच्या जेवणाला नुसती बसून राहिले. क्रमांक १४ ला गिळायला त्रास होतो. एक घास खाली जायला वेळ लागतो, मध्ये खोकला येतो. अशा व्यक्तीला नीट भरवायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. तिला सात चमचे मिळाले, पाच मिनिटांत, आणि ताट उचललं गेलं. रजिस्टरमध्ये नोंद झाली, ‘पूर्ण जेवण’.

अधीक्षक सरांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, तिचं असंच असतं. सीपी आहे ना.”

या उत्तराला संशोधनात नाव आहे, डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग. एकदा अपंगत्वाचं लेबल लागलं की वजन घटणं, रडणं, अंगावरचे वळ, अंथरुणात भिजणं, सगळ्याचं कारण ते लेबलच ठरतं, दुसरं कोणी शोधत नाही. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे प्रॉक्सी रिस्पॉन्डंट. प्रश्नावलीची उत्तरं सहभागी व्यक्तीऐवजी तिची काळजी घेणारा देतो. म्हणजे ‘जेवण पुरेसं मिळतं का?’ याचं उत्तर जेवण देणाराच देणार! लॅन्सेटमध्ये २०१२ साली आलेल्या दोन मोठ्या रिव्ह्यूंनुसार हिंसेचा धोका दिव्यांग प्रौढांना इतरांच्या दीडपट आणि मुलांना जवळपास पावणेचारपट असतो. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले भरवशाचे अभ्यास फारच कमी सापडतात, हेही त्याच लेखकांनी नोंदवलं आहे. आपल्याकडे आकडे का नसतात याचा अर्धा खुलासा मला त्या रजिस्टरमध्ये मिळाला.

मी गाइड मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “प्रोटोकॉलमध्ये काय लिहिलंयस?” काहीच नव्हतं. होतं ते गोपनीयतेचं वाक्य. आणि त्याहून वाईट म्हणजे, संमतीपत्रावर क्रमांक १४ च्या वतीने सही होती अधीक्षकांची. ज्यांच्याबद्दल तक्रार करायची, परवानगी त्यांनीच दिलेली. संस्थेचा अधीक्षक आपोआप कायदेशीर पालक होत नाही, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. कमिटीनेही विचारलं नव्हतं.

आता कायद्याकडे येऊ. नेटची तयारी करताना आपण हे कायदे नाव आणि साल एवढंच पाठ करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ७ सांगतं की दिव्यांग व्यक्तीचा छळ, हिंसा किंवा शोषण झालं आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला कारण असेल, तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. तालुक्यात हे अधिकार तहसीलदारांकडे असतात. पुरावा घेऊन या असं कलम म्हणत नाही. दंडाधिकाऱ्याने लगेच पावलं उचलायची, गरज पडली तर व्यक्तीला तिथून सोडवून सुरक्षित ठिकाणी हलवायचा आदेश द्यायचा. पोलिसांकडे तक्रार गेली तर त्यांनीही हे हक्क आणि मोफत कायदेशीर मदतीची माहिती द्यायची आहे. कलम ९२ शिक्षेचं आहे. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा त्यातला एक गुन्हा, सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड.

पण बारकाईने वाचा. कलम ७ मध्ये ‘कळवू शकतं’ आहे, ‘कळवलंच पाहिजे’ नाही. शिवाय त्यात दुर्लक्ष किंवा हेळसांड हा शब्द वेगळा नाही. तो शब्द आहे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला वाईट वागणूक मिळते आहे किंवा तिची हेळसांड होते आहे असं वाटलं, तर पोलीस ठाण्यात कळवणं तिथे बंधनकारक आहे. पण तो कायदा मानसिक आजारापुरता, त्यामुळे क्रमांक १४ त्यात बसत नाही. आणि व्यक्ती अठरा वर्षांखालची असून लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो लागतो. तिथे न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि त्यातून संशोधक सुटत नाही. तुमच्या संमतीपत्रातल्या गोपनीयतेला तिथे काडीची किंमत नाही.

२०१६ च्या कायद्यात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली तिची मुक्त संमती हवी, आणि सरकारने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी हवी. त्या समितीतले किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असले पाहिजेत. ही तरतूद आहे कलम ६ मध्ये, म्हणजे छळ आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षणाच्या कलमात! वाचून मला आधी रागच आला. मग विलोब्रुक आठवलं.

न्यूयॉर्कमधल्या या सरकारी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अनेक वर्षं बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची लागण करून अभ्यास केले गेले. पालकांची संमती होती. चार हजारांसाठी बांधलेल्या जागेत १९६५ च्या सुमारास सहा हजारांवर माणसं राहत होती. संशोधक आत-बाहेर करत होते, नमुने घेत होते, पेपर छापत होते. तिथली घाण आणि उपासमार अमेरिकेला घरोघरी दिसली ती १९७२ मध्ये, कामावरून काढलेल्या एका डॉक्टरने दिलेल्या किल्लीने एक टीव्ही पत्रकार आत शिरला तेव्हा.

फार लांब जायला नको. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या केंद्रात कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यातून राज्यातल्या अशा संस्थांची तपासणी सुरू झाली, आणि २०११ मध्ये कळंबोलीच्या एका बालगृहातल्या मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघड झाले.

माझ्या केंद्रात कोणी राक्षस नव्हता. त्या पाळीला एकट्या मावशींकडे अकरा जण भरवायचे होते. प्रत्येकाला अर्धा तास द्यायचा तर दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत चाललं असतं. त्यांना ‘जाणूनबुजून’ वाल्या कलमात बसवणं मला अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. पण म्हणून गप्प बसायचं, तर २७.१ नंतरचा आकडा कुठला?

मॅडमनी कमिटीच्या सचिवांना त्याच संध्याकाळी कळवलं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जिवाला धोका असेल तर गोपनीयता बाजूला ठेवता येते, त्यामुळे तो अडथळा उरला नाही. अधीक्षकांना लेखी पत्र दिलं आणि डॉक्टरी तपासणी मागितली. दोन दिवसांत काही हललं नाही, तेव्हा तहसील कार्यालयात अर्ज दिला. अर्ज कसा लिहायचा हे मॅडमनी शिकवलं. ‘छळ’, ‘अमानुष’ असले शब्द त्यांनी खोडले. तारखा, तीन वजनं, मोजायची पद्धत, जेवणाला लागलेली मिनिटं, रजिस्टरमधली नोंद आणि मावशींमागे किती जण, एवढंच ठेवलं. हेळसांड म्हणायचं की छळ, ते ठरवणं तुझं काम नाही, म्हणाल्या. अर्जाची पोच घ्यायलाही त्यांनीच सांगितलं, मी तशीच निघाले होते.

क्रमांक १४ ला सरकारी रुग्णालयात हलवलं. काही आठवड्यांनी तिला तिथे भेटले तेव्हा वजन २९.४ होतं. केंद्रात एक मावशी वाढवल्याचं कळलं. मला मात्र त्यांनी पुढच्या मोजमापाची परवानगी दिली नाही. एक साइट गेली, थिसिस सहा महिने लांबला, आणि तिथल्या बाकीच्यांची वजनं आता कोणीच घेत नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

नव्या साइटसाठी प्रोटोकॉल पुन्हा लिहिला. किती टक्के घट दिसली की किती तासांत कोणाला कळवायचं, हे त्यात आधीच आहे. तहसील कार्यालय, पोलीस ठाणे आणि पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय यांचे नंबर पहिल्या भेटीआधीच वहीत आहेत. काटा दरवेळी प्रमाणित वजनाने तपासून नोंद करते, म्हणजे ‘काटा बिघडला असेल’ म्हणायला जागा नको, मलाही आणि कोणालाही. संमती घेताना चित्रांची कार्डं वापरते, नकाराचं कार्डही ठेवते. परवा एकाने ते उचललं, मी त्याचं वजन घेतलं नाही.

संमतीपत्रातलं ते वाक्य आता असं आहे: ‘तुमची माहिती गोपनीय राहील. मात्र तुमच्या किंवा इथल्या कोणाच्या जिवाला, शरीराला धोका आहे असं आम्हाला दिसलं, तर ते आम्ही संबंधित अधिकाऱ्यांना कळवू, आणि शक्य असेल तर आधी तुम्हाला सांगू.’ एका संस्थेने हे वाचून परवानगी नाकारली. दुसऱ्या संस्थेच्या बाई वाचून म्हणाल्या, “हे आमच्या भिंतीवर लावलं तर चालेल का?”