भाड्याचं बिऱ्हाड

गावचा माणूस शहरात जातो. कुणी कारखान्यात लागतो, कुणी गाडी चालवतो, कुणी गवंड्याच्या हाताखाली जातो. काम मिळतं. पण रात्री पाठ कुठं टेकायची? घर विकत घ्यायला पैसा नसतो. मग भाड्याची खोली बघायची.

शहरात एकाच आवारात चार-पाच इमारती असतात. एकेका इमारतीत पन्नास-साठ बिऱ्हाडं. अशा ठिकाणी राहण्यात फायदा काय आणि तोटा काय? आज आपण याचा विचार करू.

जुन्या चाळी

ही गोष्ट नवी नाही. मुंबईत गिरण्या वाढल्या, तेव्हा कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. १९२० नंतर सरकारनेही वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या. त्यांना बीडीडी चाळी म्हणतात. अशा २०७ चाळी होत्या. तळमजला आणि वर तीन मजले. एका चाळीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर, सगळ्यांना मिळून.

एवढ्याशा जागेत संसार झाले, लेकरं शिकली, लग्नं लागली. कारण चाळीत शेजार होता. एकाच्या घरी आजारी माणूस असला, तर चार घरची माणसं उशाशी बसत.

मग इतर चाळी मोडकळीला का आल्या? १९४७ साली मुंबई इलाख्यात भाड्याचा कायदा झाला. घरे थोडी, माणसे फार. मालकांनी मनमानी करू नये म्हणून कायद्याने भाडे बांधून दिले. गरिबाचा निवारा वाचला. पण भाडे वर्षानुवर्षे तेवढेच राहिले. मालक म्हणू लागले, "एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू?" छपरे गळू लागली, जिने खचू लागले. म्हणजे भाडे फार वाढले तर भाडेकरू मरतो आणि मुळीच वाढले नाही तर इमारत मरते. दोन्हीकडे बघावे लागते.

आता बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती होत आहेत. २०२५ साली वरळीतल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

फायदे कोणते?

पहिला फायदा, मोठी रक्कम लागत नाही. शेत विकायला नको, सावकाराच्या दारात जायला नको.

दुसरा, कामाजवळ राहता येते. काम बदलले तर बिऱ्हाड बदलता येते. स्वतःचे घर पाठीवर बांधून नेता येत नाही.

तिसरा, नळ, दिवे, जिन्याची झाडलोट, राखणदार हा खर्च सगळ्यांत वाटला जातो. एकट्याला तो झेपला नसता.

चौथा फायदा शेजाराचा. नवीन गावात माणूस एकटा पडतो. मोठ्या आवारात कुणी तरी आपल्या बाजूचं भेटतंच.

तोटे कोणते?

भाड्याचा पैसा परत येत नाही. हिशेब करून पाहा. महिना ८,००० रुपये भाडे धरले, तर वर्षाचे ९६,००० होतात. पाच वर्षांत ४,८०,०००. एवढे देऊनही भिंत आपली होत नाही. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते.

शिवाय सुरुवातीला अनामत रक्कम द्यावी लागते. दलालाला वेगळे पैसे. पुष्कळ करार अकरा महिन्यांचे असतात. मुदत संपली की भाडे वाढते, नाही तर गाठोडी बांधायची. यात पोरांच्या शाळेचे हाल होतात.

आणखी एक. इमारतीची सोसायटी असेल, तर तिच्या सभेत मत मालकाला असते. पाणी किती वेळ सोडायचे हे दुसरे ठरवतात, आणि हंडा आपला रिकामा राहतो.

कागद वाचा

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येतात. पूर्वी त्या नवऱ्याबरोबर शहरात भाड्याने राहत होत्या. अनामत म्हणून वीस हजार रुपये तोंडी बोलीवर दिले. घर सोडताना मालक म्हणाला, "रंगाला आणि दुरुस्तीला खर्च झाले." कागद नव्हता, पावती नव्हती. बाई रिकाम्या हाताने निघाल्या. आता त्यांनी नवी खोली घेतली. या खेपेला करार वाचून पाहिला. त्यात लिहिले होते, भाडेकरूने घर सोडायच्या आधी तीन महिने कळवावे, मालकाने एकच महिना. बाई म्हणाल्या, "दोघांनाही एकच महिना लिहा." मालकाने लिहिले. त्या आम्हांला म्हणाल्या, "वाचायला शिकले, त्याचे पैसे फिटले."

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी हवा आणि त्याची सरकारी नोंदणी हवी. करार अकरा महिन्यांचा असला तरीसुद्धा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. पण आपलीही एक जबाबदारी आहे. मुदतीवर घेतलेली जागा मुदत संपल्यावर अडवून बसू नये. तसे केले तर दुप्पट भाडे भरण्याची पाळी येते.

सही करण्याआधी एवढे पाहा:

१. भाडे किती, अनामत किती, ती परत कधी मिळणार?

२. मुदत किती? मुदतीनंतर भाडे किती वाढणार?

३. घर सोडण्याआधी किती दिवस कळवायचे?

४. लाइटचे आणि पाण्याचे बिल कुणी भरायचे? दुरुस्ती कुणी करायची?

५. समोरचा माणूस खरोखर मालक आहे का? त्याच्या नावाचे कागद दाखवायला सांगा.

पैसे दिले की पावती घ्या. मोबाईलवरून पाठवले तर त्याची नोंद जपून ठेवा. राहायला जाण्याआधी भिंती, नळ आणि खिडक्या नीट पाहून घ्या. जे मोडके असेल ते लिहून ठेवा, म्हणजे पुढे त्याचा खर्च आपल्या माथी बसणार नाही.

भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. पुष्कळांचे संसार त्यातूनच उभे राहिले. मात्र तोंडी बोलीवर पैसा देऊ नका. एखादा शब्द अडला तर तो विचारा, आणि समजल्यावरच सही करा. अंगठ्याचे दिवस आता आपण मागे टाकले आहेत.