अहो-जाहोच्या देशात दहा दिवस

अमेरिकेत नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्यांच्या अभ्यासक्रमात बऱ्याचदा एक छोटा परदेश दौरा असतो. आठ-दहा दिवस, पंचवीस-तीस विद्यार्थी आणि बरोबर एक-दोन प्राध्यापक. जाण्याआधी काही तास वर्ग, तिथे कंपन्यांना भेटी, परतल्यावर निबंध. वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांचं नेतृत्व कसं करायचं, हे पुस्तकाबाहेर शिकावं हा उद्देश. मी डॅलसमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझ्या टीममधले निम्मे लोक पुण्यात बसतात. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा! आमचा दौरा होता जर्मनीत, स्टुटगार्टला.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे सहलच की रे!" खर्च खिशातूनच होता, त्यामुळे तिची शंका अगदीच चुकीची नव्हती. त्यात अमेरिकन वर्गमित्रांनी पासपोर्ट उचलला आणि निघाले. आम्हा भारतीयांना आधी शेंगेन व्हिसा, शिवाय परत येण्यासाठी एच-वन-बीचा शिक्का चालू आहे ना, ही धास्ती. संस्कृतींमधल्या फरकाचा पहिला धडा विमानात बसण्याआधीच मिळाला म्हणा ना!

निघण्यापूर्वी प्राध्यापकबाईंनी गीर्त हॉफस्टेड या डच संशोधकाचं काम वाचायला दिलं होतं. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांनी दिलेली उत्तरं तपासून त्यांनी कामाच्या ठिकाणची संस्कृती आकड्यांत मांडली. त्यातला एक आकडा 'पॉवर डिस्टन्स'चा. साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातलं अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, हे तो सांगतो. भारत ७७, अमेरिका ४०, जर्मनी ३५. म्हणजे जर्मनी अमेरिकेपेक्षाही मोकळा, असं धरून आमचे अमेरिकन मित्र गेले आणि पहिल्याच कारखान्यात चक्रावले.

कारण तिथे लोक एकमेकांना 'हेर' आणि 'फ्राऊ' लावून आडनावाने हाक मारत होते. जर्मनमध्ये 'तू'ला 'दू' आणि 'तुम्ही'ला 'झी'. नव्या कंपन्यांत 'दू' रुळलंय, पण जुन्या ठिकाणी 'झी'चा मान अजून आहे. 'दू'वर यायचं, तर ते सहसा मोठ्या माणसाने सुचवायचं. अमेरिकन मित्रांना हे काही केल्या पटेना. अहो-जाहो आणि अरे-तुरेत वाढलेल्या मला मात्र ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

नवल वाटलं ते पुढे. आपल्याकडे 'अहो' आलं की पाठोपाठ मान खाली जाते. इथे एक तरुण कामगार आमच्यासमोर आपल्या साहेबाला 'झी' म्हणत सांगत होता, की हे वेळापत्रक जमणार नाही. साहेब ऐकून घेत होते, वहीत टिपत होते. यामागे नुसता स्वभाव नाही, कायदाही आहे. पाच कायम कर्मचारी असतील तिथेही कामगार परिषद निवडता येते. कामाच्या वेळा, ओव्हरटाइम यांत तिचं मत डावलता येत नाही. १९७६च्या कायद्याने तर दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या बाजूला दिल्या.

रोज संध्याकाळी बाई तासभर बसवून दोनच प्रश्न विचारायच्या. आज काय वेगळं दिसलं? आणि ते तुम्हाला वेगळं का वाटलं? दहा दिवसांत जर्मनी कळत नाही, पण या दुसऱ्या प्रश्नामुळे स्वतःच्या सवयी कळतात. तो प्रश्न नसता, तर आईचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मला उमगलं ते एवढंच. अमेरिकेत साहेबाला नावाने हाक मारता येते, पण टेक्सासमध्ये तोच साहेब कारण न देताही घरी पाठवू शकतो. जर्मनीत 'झी' आहे, पण विरोध करणाऱ्याच्या पाठीशी कायदा आहे. हाक कशी मारतात यावरून माणूस किती मोकळं बोलू शकतो, हे ठरत नाही. आमच्या पुण्याच्या कॉलवर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तरी तारीख जाहीर झाली की "येस, विल डू" एवढंच ऐकू येतं.

परतल्यावर मी एक नियम केला. आराखडा आदल्या दिवशी पाठवायचा आणि प्रत्येकाने त्यातली निदान एक अडचण लिहून कळवायची. पहिले दोन आठवडे काहीच आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात टीममधल्या सर्वांत नव्या मुलीने दोन ओळी लिहिल्या : "सर, ही तारीख शक्य नाही. टेस्टिंगला चार दिवस कमी पडतात." तिचं बरोबर होतं. रिलीज पुढे ढकलली.

तुमच्या अभ्यासक्रमात असा दौरा असेल, तर तिथे काय काय दाखवणार हे विचाराच. पण संध्याकाळी कोण बसवून घेणार, हे आधी विचारा. आणि व्हिसाचं काम दोन-तीन महिने आधी सुरू करा!

त्या मुलीने मला 'सर' म्हणणं सोडलेलं नाही. मीही तिला सोडायला सांगितलेलं नाही. अडचणी मात्र ती आता दर आठवड्याला पाठवते.