ब्लॉकेज किती टक्के?

कल्याण-डोंबिवलीत कुणाची अँजिओग्राफी झाली की पहिला प्रश्न ठरलेला: ब्लॉकेज किती टक्के? ऐंशी म्हटलं की घरचे हादरतात, तीस म्हटलं की निर्धास्त होतात. हे निर्धास्त होणं घातक आहे. मेद धमनीत साचतो तो नळातल्या क्षारासारखा वरवर नाही, अस्तराच्या आत. तिथे एलडीएल कोलेस्टेरॉल शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, सूज धरते आणि वर पातळ आवरण येतं. पुष्कळ हार्ट अटॅक येतात ते आधी कधीच न दुखलेल्या अशा लहान थराचं आवरण फाटून, त्यावर गुठळी धरल्यामुळे. आणि हा रोग पन्नाशीची वाट पाहत नाही. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली, तेव्हा सरासरी वय होतं २२; तरी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या धमन्यांत त्याच्या खुणा सापडल्या. आपल्याकडे तर घाई जास्तच: ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला.

‘रोज लोकल पकडतो, पूल चढतो, ट्रेडमिल चाचणी (टीएमटी) नॉर्मल आहे, मला काय होणार?’ असं ठाण्यापलीकडचे प्रवासी हमखास म्हणतात. चालणं चांगलंच, पण वाढलेलं एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांची भरपाई जिने करत नाहीत. टीएमटी सांगते ती श्रमाच्या वेळी रक्त पुरतं की नाही एवढंच. स्टेंटबद्दलही असाच गैरसमज आहे. झटका आला असताना तो जीव वाचवतो. पण स्थिर रुग्णांवरच्या इस्केमिया चाचणीत (२०२०) औषधांना स्टेंट किंवा बायपासची जोड देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. रोग सगळ्या धमन्यांत असतो, स्टेंट एका जागी. म्हणून औषध महत्त्वाचं. एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखतात ही तक्रार दुर्लक्षू नये, पण मोठ्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांचेही जवळजवळ तितकेच दुखले. उलट एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की झटके-पक्षाघात साधारण पाचव्या हिश्श्यानं घटतात.

लॅबच्या रिपोर्टात एलडीएलशेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सगळ्यांना सारखी लागू नसते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या सूचनांनुसार सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १००च्या खाली हवं, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याचं ७०च्या, झटका येऊन गेलेल्याचं ५५च्या. आणि पहिली तपासणी अठराव्या वर्षी. घरातल्या तिशीतल्या माणसाचा हा आकडा तुम्हाला ठाऊक नसेल, तर याच आठवड्यात लिपिड प्रोफाइल करून घ्या.