लिव्हरपूल क्लब नक्की कोणी आणि कधी स्थापन केला?

एखाद्या संस्थेचा इतिहास हा विषय घेऊन पीएच.डी. करायची म्हटली की पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं : अमुक संस्थेची स्थापना अमुक साली अमुक यांनी केली. हे वाक्य आपण सवयीने लिहून पुढे जातो. पण त्यात तीन वेगळे दावे आहेत. संस्था म्हणजे काय, ती कधी सुरू झाली आणि कोणी सुरू केली. प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागतो. माझ्या संशोधनाचा फुटबॉलशी काही संबंध नाही, पण हा मुद्दा समजावून सांगायला लिव्हरपूल फुटबॉल क्लबाइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

इंटरनेटवर शोधलं तर उत्तर लगेच मिळतं : संस्थापक जॉन होल्डिंग, साल १८९२. तारीख मात्र कुठे १५ मार्च दिसते, तर कुठे ३ जून. का, ते कळण्यासाठी थोडं मागे जाऊन दुसऱ्याच क्लबापासून सुरुवात करावी लागते. तो क्लब म्हणजे एव्हर्टन.

लिव्हरपूल शहराच्या एव्हर्टन भागात सेंट डोमिंगो नावाचं मेथॉडिस्ट चर्च होतं. तिथल्या तरुणांचा उन्हाळ्यात क्रिकेटचा संघ असे. हिवाळ्यात काय करायचं, म्हणून १८७८ मध्ये त्यांनी फुटबॉल सुरू केला. चर्चबाहेरची मुलंही खेळायला येऊ लागली, तेव्हा नोव्हेंबर १८७९ मध्ये क्वीन्स हेड हॉटेलात बैठक घेऊन नाव बदलून ‘एव्हर्टन’ केलं. (बैठकीची जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) सुरुवातीला स्टॅन्ली पार्क या सार्वजनिक बागेत सामने होत. नंतर प्रायरी रोडवर एक बंदिस्त मैदान मिळालं, पण गर्दीच्या गोंधळाला कंटाळून मालकाने त्यांना निघायला सांगितलं. अखेर १८८४ मध्ये अ‍ॅनफिल्ड रोडवरची जागा मिळाली. हो, तेच अ‍ॅनफिल्ड. आज लिव्हरपूलचं घर असलेल्या मैदानावर पहिली आठ वर्षं एव्हर्टन खेळत होता.

इथे होल्डिंग महत्त्वाचे ठरतात. ते बिअरच्या ब्रुअरीचे मालक, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पुढारी आणि क्लबाचे अध्यक्ष. मैदानाची जमीन आधी ऑरेल नावाच्या दुसऱ्या ब्रुअरीवाल्याची होती. १८८५ मध्ये होल्डिंगनी ती विकत घेतली. म्हणजे क्लबाचा अध्यक्ष हाच क्लबाचा घरमालक झाला. वर्षाचं भाडं १०० पौंड होतं, ते १८८९-९० पर्यंत २५० पौंडांवर गेलं. मैदानावर खाद्यपेयं विकण्याचा हक्कही होल्डिंगकडेच होता. दरम्यान १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, एव्हर्टन तिच्या संस्थापक बारा क्लबांपैकी एक होता आणि १८९०-९१ मध्ये तो लीगचा विजेता ठरला. क्लबात आता खरा पैसा येत होता.

मग होल्डिंगनी सुचवलं की क्लबाची लिमिटेड कंपनी करावी आणि त्या कंपनीने त्यांची व शेजारची ऑरेलची जमीन विकत घ्यावी. सभासदांना ते पटलं नाही. विरोधी गटाचं नेतृत्व जॉर्ज मॅहन या हिशेबनिसाकडे होतं. हे गृहस्थ चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत. जानेवारी १८९२ मध्ये या गटाने गुडिसन रोडवरची पर्यायी जागा पुढे केली. त्याच महिन्यात होल्डिंगनी स्वतःची कंपनी नोंदवली, आणि तिचं नाव ठेवलं एव्हर्टन फुटबॉल क्लब अँड अ‍ॅथलेटिक ग्राउंड्स कंपनी लिमिटेड! १५ मार्चच्या सभेत बहुमत विरोधात गेलं आणि होल्डिंग मोजक्या साथीदारांसह बाजूला झाले. हातात मैदान होतं, पण संघ नव्हता. एव्हर्टन हे नाव वापरायलाही फुटबॉलच्या नियामकांनी मनाई केली. तेव्हा कंपनीचं नाव बदलून लिव्हरपूल फुटबॉल क्लब करण्यात आलं. या बदलाची सरकारी नोंद ३ जूनची आहे.

आता तारखांचा घोळ सुटतो. जानेवारीत कायदेशीर कंपनी जन्मली, १५ मार्चला माणसं वेगळी झाली, ३ जूनला नाव पक्कं झालं. तिन्ही तारखा बरोबर आहेत, पण तीन वेगवेगळ्या घटनांच्या आहेत. तुमच्या प्रबंधात दोन साधनांमध्ये दोन तारखा आल्या तर लगेच ‘एक चूक, एक बरोबर’ असा निवाडा करू नका. आधी विचारा, ही तारीख नक्की कशाची?

अर्थात काही वेळा तारीख खरंच चुकीची असते. अ‍ॅनफिल्डवरच्या पहिल्या सामन्याची (एव्हर्टन विरुद्ध अर्ल्सटाउन) तारीख अनेक ठिकाणी २८ सप्टेंबर १८८४ अशी छापलेली दिसते. जुनं कॅलेंडर काढून बघा, तो रविवार येतो. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये, त्यातही चर्चमधून निघालेला क्लब, रविवारी सामना खेळेल? कॅलेंडर फुकट मिळतं आणि तपासायला दोन मिनिटं लागतात.

‘का’ हा प्रश्न याहून अवघड. फुटीचं लोकप्रिय उत्तर असं : मेथॉडिस्ट मंडळी दारूविरोधी, होल्डिंग ब्रुअरीवाले, म्हणून खटका उडाला. गोष्ट म्हणून छान आहे, आणि विरोधी गटात दारूबंदीवाले होतेही. पण आपल्याकडे जमलेल्या माहितीवर ती ताणून बघा. क्लबाचं नाव ठरलं हॉटेलात. खेळाडू अनेक वर्षं कपडे बदलायचे ते होल्डिंगच्याच सँडन हॉटेलात. अध्यक्ष ब्रुअरीवाले आहेत हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. शिवाय नव्या मैदानासाठी ज्यांनी १००० पौंड बिनव्याजी दिले, ते डॉ. जेम्स क्लेमंट बॅक्स्टर मेथॉडिस्ट नव्हे, कॅथलिक होते. मग तोच माणूस इतकी वर्षं चालला आणि १८९२ मध्येच का चालेनासा झाला?

भाडेवाढ हे दुसरं उत्तर. ते जास्त पटतं, पण माझ्या मते पुरत नाही. भाड्याचाच प्रश्न असता तर घासाघीस करून सुटला असता. फुटीनंतर दोन्ही क्लबांनी कंपन्या कशा बांधल्या ते बघा. एव्हर्टनने एकेक पौंडाचे २५०० शेअर काढले आणि ते बऱ्याच लोकांत वाटले गेले. लिव्हरपूलची मालकी होल्डिंग आणि त्यांच्या वर्तुळातल्या लोकांकडे राहिली. त्यात राजकारणही होतं : होल्डिंग कॉन्झर्व्हेटिव्ह, तर मॅहन आणि बॅक्स्टर लिबरल. भांडण दारूचं किंवा दीडशे पौंडांचं कमी, आणि क्लब कोणाचा हे ठरवण्याचं जास्त होतं. डेव्हिड केनेडी या अभ्यासकाने शेअरहोल्डर आणि संचालकांच्या नोंदी तपासून फुटीची जी मांडणी केली आहे, तीही याच दिशेने जाते. दारूची गोष्ट माणसांच्या आठवणीत राहिली, मालकीची कागदावर.

आणि संस्थापक? होल्डिंग, असं लिहायला हरकत नाही, पण त्यांना नवा क्लब काढायचाच नव्हता. त्यांना एव्हर्टन हवा होता, म्हणून तर कंपनीला तेच नाव दिलं. प्रत्यक्ष संघ उभा केला तो जॉन मॅकेना आणि डब्ल्यू. ई. बार्क्ली यांनी, तोही बराचसा स्कॉटलंडहून खेळाडू आणून. १ सप्टेंबर १८९२ रोजी त्यांनी रॉदरहॅम टाउनला ७-१ असं हरवलं, तेव्हा अंगावरचे शर्ट निळे-पांढरे होते. लाल रंग काही वर्षांनी आला.

ज्यांना हे स्वतः तपासून बघायचंय त्यांच्यासाठी : एव्हर्टनच्या जुन्या इतिवृत्तांच्या वह्या लिव्हरपूलच्या अभिलेखागारात आहेत आणि बरंच साहित्य स्कॅन करून ठेवलेलं आहे. वाचताना एवढं ध्यानात असू द्या की या वह्या फुटीत जिंकलेल्या बाजूच्या आहेत. होल्डिंगची बाजू शोधायला त्या वेळची वर्तमानपत्रं आणि कंपनी नोंदणीचे कागद उघडावे लागतील.