तीन डॉलरचा चौकोन

न्यू जर्सीतला मराठी माणूस एप्रिलच्या आत टॅक्स रिटर्न भरायला बसतो, तेव्हा फॉर्म १०४० च्या पहिल्याच पानावर, नाव-पत्त्याजवळ, त्याला एक बारीक चौकोन दिसतो. अध्यक्षीय निवडणूक निधीला तीन डॉलर द्यायचे का, एवढंच त्यात विचारलेलं असतं. ‘उगाच तीन डॉलरचा भुर्दंड कशाला?’ म्हणून बहुतेक जण तो कोरा सोडतात. वास्तविक खूण केल्याने कर एका सेंटने वाढत नाही की रिफंड घटत नाही. भरलेल्याच करातले तीन डॉलर वेगळ्या खात्यात पडतात, इतकंच. १९८० च्या सुमारास दर चार रिटर्नांपैकी एकावर तरी ही खूण असायची. आता शंभरात चारही भरत नाहीत.

या निधीतून सरकार उमेदवारांवर पैसे उधळतं, हाही समज पक्का आहे. प्रत्यक्षात प्रायमरीत, म्हणजे पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या लढतीत, आधी स्वतः झोळी फिरवावी लागते. २० राज्यांत, प्रत्येकी ५,००० डॉलर, आणि तेही एका माणसाचे २५० पर्यंतच धरून. मग मॅचिंग फंड सुरू होतो. कुणा आजींनी ५० डॉलर दिले की सरकार त्यात ५० घालतं. एखाद्या वकिलाने हजार दिले तरी सरकारचे २५०च. पॅक नावाच्या राजकीय समित्यांनी दिलेल्या पैशावर तर काहीच मिळत नाही. लागोपाठ दोन प्रायमरींत १० टक्क्यांहून कमी मतं पडली की महिनाभरात नळ बंद.

पैसे घेतले की खर्चाला मर्यादा येते. ती सगळ्याच उमेदवारांवर असते असं अनेकांना वाटतं. पण १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती फक्त पैसे घेणाऱ्यापुरती ठेवली. शिवाय राज्यागणिक वेगळी मर्यादा. २००८ साली न्यू हॅम्पशायरसाठी ती जेमतेम साडेआठ लाख डॉलर होती. त्यातून पळवाटा निघाल्या. प्रचार न्यू हॅम्पशायरमध्ये, पण मुक्काम आणि भाड्याच्या गाड्या शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या, म्हणजे हिशेब तिकडे! यात आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनाही शिकवण्यासारखं काही नाही म्हणा.

सगळ्यात घट्ट गैरसमज मात्र पुढचा: सरकारी पैसा घेणारा उमेदवार स्वच्छ, आणि त्याचा त्यात फायदाच. १९९६ साली अध्यक्षपदासाठी उतरलेल्या रिपब्लिकन बॉब डोल यांनी तो घेतला. समोर पक्षातलेच प्रतिस्पर्धी स्टीव्ह फोर्ब्स स्वतःच्या खिशातून, मर्यादेविना खर्च करत होते. डोल यांनी मार्चमध्ये उमेदवारी जिंकली, पण तोवर खर्चाची मर्यादा जवळजवळ संपली होती, आणि ती लागू राहणार होती थेट ऑगस्टमधल्या पक्षाच्या अधिवेशनापर्यंत. तेव्हाचे अध्यक्ष, डेमोक्रॅट क्लिंटन यांनीही मॅचिंग फंड घेतला होता. पण पक्षात आव्हान देणारं कुणी नसल्याने त्यांच्याकडे खर्चायला वाव शिल्लक होता. वसंतभर जाहिराती त्यांच्याच चालल्या.

म्हणूनच सप्टेंबर २००७ मध्ये, २००८ च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅट उमेदवारी मागणाऱ्या जॉन एडवर्ड्स यांनी मॅचिंग फंड घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याच बाजूच्या डेमोक्रॅट मंडळींत वाद पेटला. काहींना ती तत्त्वनिष्ठा वाटली. बाकीचे विचारत होते, उमेदवारी मिळालीच तर ऑगस्टअखेरच्या अधिवेशनापर्यंत सुमारे ५ कोटी डॉलरच्या मर्यादेत निभवायचं कसं? माझ्या मते शंका रास्त होती. मर्यादा महागाईच्या निर्देशांकाने वाढत होती. प्रचाराचा खर्च मात्र त्याच्या कितीतरी पुढे पळत होता. पुढे एडवर्ड्स जानेवारीअखेरीसच बाहेर पडले.

त्याच निवडणुकीत ओबामांनी सरकारी पैसा घेण्याचा शब्द फिरवला तो याच मॅचिंग फंडाबद्दल, असं अजून सांगितलं जातं. तो वाद नोव्हेंबरच्या मुख्य लढतीसाठी मिळणाऱ्या ८ कोटी ४१ लाख डॉलरच्या अनुदानाचा होता. ते रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी घेतलं, ओबामांनी नाकारलं. प्रायमरीतला मॅचिंग फंड तर ओबामांनी घेतलाच नव्हता.

एच-१बी व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मत देता येत नाही, उमेदवाराला देणगी द्यायला कायद्याने बंदी आहे. पण करापुरता तो तिथला रहिवासी ठरत असेल, तर त्या चौकोनात खूण त्यालाही करता येते.