शॉकमधलं तेल आणि ट्रॅकवरची माती

१:१० मापाच्या रिमोट कंट्रोल रेसिंग बग्गीत सगळ्यात आधी उंची बघा. बॅटरीसकट गाडी सपाट फळीवर वीतभर उंचीवरून सोडा, स्थिरावली की चॅसिसखालचं अंतर मोजा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर पुढची मेहनत फुकट.

खरी कला मात्र शॉकमध्ये, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांमध्ये आहे. आत सिलिकॉन तेल आणि भोकं पाडलेला पिस्टन असतो. बारीक भोकांमुळे उंच उडीनंतर शॉक झटक्यात दबत नाही, चॅसिस जमिनीवर आपटत नाही. खडबडीत मातीवर मात्र तोच कडकपणा चाकं उडवतो. तिथे मोठी भोकंच बरी. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून सकाळी नीट बसलेली गाडी दुपारच्या उन्हात सैल वाटते.

वळणावर मागचं टोक घसरतंय? मागची स्प्रिंग मऊ करून पाहा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, साधारण उणे १ ते २ अंश ठेवा. एका वेळी एकच बदल करावा, हे मी आग्रहाने सांगेन.

१९८४ साली आलेल्या टीम असोसिएटेड कंपनीच्या ‘आरसी१०’ बग्गीलाही असेच तेलाचे ॲल्युमिनियम शॉक होते. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे जे हॅल्सीने याच गाडीवर टू-व्हील ड्राइव्ह गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं.