आतड्याची डागडुजी

गुडघा खरचटला की त्यावर खपली धरते आणि ती पडायला आठवडा तरी लागतो. पण आतड्याला आतून ओरखडा उठला तर? तेथे इतके दिवस थांबून चालत नाही. लहान आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते व त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी असते. त्याच्या एका बाजूला अन्नरस आणि असंख्य जंतू, तर दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्या. या भिंतीला भगदाड पडले तर जंतूंना रान मोकळेच!

म्हणून ही डागडुजी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात नव्या पेशींची वाट पाहिली जात नाही. जखमेच्या कडेच्या धडधाकट पेशी चपट्या होतात आणि पसरत, सरकत उघडी जागा झाकून टाकतात. छपराचे एखादे कौल फुटले, की नवे कौल येईपर्यंत आपण शेजारची कौले सरकवून भोक झाकतो ना, तसेच हे. जखम लहान व वरवरची असेल तर हे काम काही तासांत उरकते.

मग नव्या पेशी येतात कोठून? आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांना उद्वर्ध म्हणतात. उद्वर्धांच्या पायथ्याशी खोलगट खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी मूलपेशी असतात. मूलपेशींच्या विभाजनातून तयार झालेल्या बहुतेक पेशी हळूहळू वर सरकतात आणि ३ ते ५ दिवसांत उद्वर्धाच्या टोकाशी पोचून गळून पडतात. म्हणजे इजा झालेली नसतानाही हे अस्तर सतत नवे होत असते! इजा झाली की या विभाजनाचा वेग वाढतो. २००७ साली नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने या मूलपेशी ओळखण्याची खूण शोधली. २००९ साली याच गटातील तोशिरो सातो व सहकाऱ्यांनी एकाच मूलपेशीपासून प्रयोगशाळेत इवल्याशा आतड्यासारखी रचना वाढवून दाखवली.

या ज्ञानाचा घरात काय उपयोग? रोटाव्हायरस हा विषाणू लहान मुलांना जुलाब घडवतो. तो मुख्यतः उद्वर्धांच्या वरच्या भागातील पेशी मारतो. खळग्यांतील मूलपेशी सहसा शाबूत राहतात. त्यामुळे अस्तर काही दिवसांत पुन्हा भरून येते. खरा धोका असतो तो मधल्या दिवसांत, शरीरातील पाणी व क्षार निघून जाण्याचा. म्हणून जलसंजीवनी लगेच सुरू करायची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली तिच्या जोडीला १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस केली.

‘पोटाला विश्रांती’ म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची चाल मात्र चुकीची आहे. नव्या पेशी घडवायला अन्नच लागते. तेव्हा जुलाब होत असतानाही अंगावरचे दूध, मऊ भात, वरण चालू ठेवावे. मूल मलूल झाले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर मात्र घरी न थांबता ताबडतोब दवाखाना गाठावा.